दहा दिवसांचं चीवर



मागच्या भागात आपण तंजावरच्या मराठ्यांच्या फौजेबद्दल बोललो. आज लढाई नाही, तोफा नाहीत. आजचा विषय आहे थोड्या दिवसांचा संन्यास. म्हणजे घरदार, नोकरी सोडून ठरावीक दिवस भिक्षूसारखं राहायचं आणि मुदत संपली की परत घरी यायचं. फौजेतून निवृत्त झालेला माणूस या विषयात कसा शिरला, असं तुम्ही विचाराल. एका हवालदाराचं माझ्यावर जुनं देणं आहे. त्याची गोष्ट शेवटी सांगतो. ती कळण्यासाठी आधी थोडा इतिहास लागेल.

सुरुवात चेन्नईपासून करू. निवृत्तीनंतर मी इथंच राहतो. नोव्हेंबरच्या मध्यावर तमिळ कार्तिगै महिना लागला की या शहरातले पुरुष बदलतात. रिक्षावाले, बँकेतले कारकून, आमच्या इमारतीचा रखवालदार, सगळे काळं किंवा भगवं वस्त्र नेसून, गळ्यात तुळशीची किंवा रुद्राक्षाची माळ घालून अनवाणी हिंडू लागतात. हे शबरीमलेच्या अय्यप्पाचं ४१ दिवसांचं व्रत. दारू नाही, मांसाहार नाही, ब्रह्मचर्य पाळायचं, जमिनीवर झोपायचं, दाढी करायची नाही. माळ गुरुस्वामीच्या हातून घालायची आणि यात्रा करून आलं की विधिपूर्वक उतरवायची. या दिवसांत व्रत करणाऱ्या प्रत्येकाला ‘सामी’ म्हणतात, म्हणजे स्वामी. आमच्या रखवालदाराला एरवी ‘ए’ म्हणून हाक मारणारी माणसं त्या दिवसांत त्याला ‘सामी’ म्हणून बोलावतात. जानेवारीत माळ उतरते आणि ‘ए’ परत येतं. पण ते दोन महिने त्यानं अनुभवलेले असतात.

दुसरं उदाहरण तमिळ ब्राह्मणांच्या लग्नातलं. मैलापूरला शेजाऱ्यांच्या मुलाच्या लग्नाला गेलो होतो. मुहूर्ताच्या आधी नवरदेव हातात काठी, छत्री आणि पंखा घेऊन मांडवाबाहेर चालू लागला. म्हणे काशीला निघाला, संसार नको. मग मुलीचे वडील आडवे आले, ‘माझी मुलगी देतो, परत चला’ म्हणाले आणि नवरदेव लगेच परत फिरला. याला काशीयात्रा म्हणतात. आपल्याकडच्या सोडमुंजीत बटू काशीला निघतो आणि मामा त्याला मुलीचं आमिष दाखवून अडवतो, तोच हा प्रकार. मुंजीत डोकं भादरायचं, लंगोटी नेसायची, पळसाचा दंड घ्यायचा, ‘भवति भिक्षां देहि’ म्हणत भिक्षावळ मागायची. पूर्वी यानंतर मुलगा वर्षानुवर्षं गुरूच्या घरी राहायचा. आता सकाळी मुंज, दुपारी सोडमुंज आणि संध्याकाळी मोबाईल.

म्हणजे कल्पना आपल्याकडे होती. संसारात पडण्याआधी पुरुषानं एकदा तरी भीक मागून खावं, ही ती कल्पना. तिचा विधी उरला, दिवस गेले.

आळंदीचा परतीचा रस्ता

आता खऱ्या संन्यासाकडे या. मुंजीतून परत येता येतं. आपल्या धर्मशास्त्रातल्या संन्यासातून येता येत नाही. संन्यास घेणारा स्वतःचं श्राद्ध करतो. जो मेला तो घरी कसा येणार? आणि आलाच तर त्याला ‘आरूढपतित’ म्हणतात, म्हणजे वर चढून खाली पडलेला.

महाराष्ट्राला याचं उदाहरण सांगायला नको. ज्ञानेश्वरांचे वडील विठ्ठलपंत काशीला जाऊन संन्यासी झाले. घरी बायको आहे हे कळल्यावर गुरूनंच त्यांना परत पाठवलं. गुरूची आज्ञा पाळून ते आळंदीला आले, संसार केला, चार मुलं झाली. गावानं वाळीत टाकलं. मुलांना ‘संन्याशाची पोरं’ म्हणून हिणवलं, मुंजी नाकारल्या. शेवटी विठ्ठलपंत आणि रुक्मिणीबाईंनी देहान्त प्रायश्चित्त घेतलं, असं परंपरा सांगते. ज्ञानेश्वरांचा जन्म १२७५चा धरला जातो आणि समाधी १२९६ची. म्हणजे या माणसानं आपलं सगळं काम एकविसाव्या-बाविसाव्या वर्षापर्यंत केलं, तेही हा कलंक माथी घेऊन.

ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो, म्हणून मठातून परतलेला माणूस म्हटलं की आपल्याला काहीतरी बिघडल्यासारखं वाटतं. आता याच्या अगदी उलट चित्र पाहू.

परत येण्याचा नियम

बौद्ध संघाच्या नियमांना विनय म्हणतात. विनयात भिक्षूला संघ सोडायची सरळ सोय आहे. समजू शकणाऱ्या एका माणसासमोर ‘मी ही शिक्षा सोडतो’ असं स्पष्ट सांगायचं, की तो गृहस्थ झाला. पुन्हा यावंसं वाटलं तर पुन्हा दीक्षा घेता येते. दार दोन्ही बाजूंनी उघडतं.

पण आत येताना चौकशी असते. भिक्षू होणाऱ्याला संघासमोर प्रश्न विचारले जातात. तुला अमुक रोग आहेत का? तू माणूस आहेस ना? तुझ्यावर कर्ज आहे का? आईवडिलांची परवानगी आहे का? वीस वर्षं पुरी झाली का? पात्र आणि चीवर आहे का? प्रत्येक प्रश्नामागे एक कथा आहे. ‘माणूस आहेस ना’ यामागची कथा अशी की एक नाग माणसाचं रूप घेऊन भिक्षू झाला आणि झोपेत उघडा पडला. त्याला संघातून जावं लागलं. म्हणून थायलंडमध्ये दीक्षेला निघालेल्या मुलाला आजही ‘नाक’, म्हणजे नाग म्हणतात. आईवडिलांच्या परवानगीचा नियम राहुलमुळे आला. बुद्धांनी स्वतःच्या मुलाला, लहानग्या राहुलला, संघात घेतलं. तेव्हा आजोबा शुद्धोदन कळवळून म्हणाले की मुलगा गेला, आता नातूही गेला. यापुढे आईबापांना विचारल्याशिवाय कुणाचं मूल घेऊ नका. बुद्धांनी ते मानलं.

या यादीत एक प्रश्न माझ्या धंद्याचा आहे. ‘तू राजभट नाहीस ना?’ राजभट म्हणजे राजाचा नोकर, शिपाई. कथा महावग्गात आहे. मगधाच्या सीमेवर गडबड झाली. राजा बिंबिसारानं सेनाधिकाऱ्यांना हुकूम दिला, जा आणि बंदोबस्त करा. काही योद्ध्यांच्या मनात आलं, आपण लढाईला जाऊन पाप करतो. यातून सुटायचं कसं? ते थेट विहारात गेले आणि भिक्षू झाले. आमच्या भाषेत सांगायचं तर भगोडे झाले. सेनाधिकारी शोधत आले. राजानं आपल्या न्यायाधिकाऱ्यांना विचारलं, शिपायाला दीक्षा देणाऱ्याला शिक्षा काय? उत्तर आलं, उपाध्यायाचं डोकं उडवावं, दीक्षेचं वाक्य म्हणणाऱ्याची जीभ उपटावी, हजर असलेल्यांच्या बरगड्या मोडाव्यात. बिंबिसार बुद्धांचा भक्त होता. त्यानं जाऊन सांगितलं की सगळेच राजे माझ्यासारखे नसतात, क्षुल्लक कारणावरून ते भिक्षूंना त्रास देतील. तेव्हा नियम झाला, राजाच्या नोकराला दीक्षा देऊ नये.

नोकरीत असताना ही कथा मला माहीत असती तर मी ती मोठ्या आनंदानं वापरली असती. पण या नियमाला पुढं एक बाजू आली. मालकाची परवानगी असेल तर अडचण नाही, असा त्याचा अर्थ लावला गेला. थायलंडमध्ये सरकारी नोकराला आयुष्यात एकदा दीक्षेसाठी १२० दिवसांपर्यंत पगारी रजा मिळते. म्हणजे अडीच हजार वर्षांपूर्वीचा नियम आज वरिष्ठाच्या सहीवर येऊन थांबतो. हे लक्षात ठेवा.

राजे आणि पोरं

ही थोड्या दिवसांची दीक्षा किती जुनी? सम्राट अशोक आपल्या लघुशिलालेखात म्हणतो की अडीच वर्षांहून अधिक काळ मी उपासक आहे आणि वर्षभरापूर्वी संघाकडे गेलो, तेव्हापासून जास्त प्रयत्न केला. हा लेख कर्नाटकात मस्कीलाही आहे. तो १९१५ साली सापडला आणि त्यात अशोकाचं नाव स्पष्ट कोरलेलं आहे. ‘संघाकडे गेलो’ याचा अर्थ काय, यावर विद्वानांचा वाद आहे. काही म्हणतात, राजा राहूनच काही काळ भिक्षू झाला. काही म्हणतात, नुसता संघाच्या जवळ आला. सातव्या शतकातला चिनी प्रवासी इत्सिंग मात्र भिक्षुवेशातल्या अशोकाच्या मूर्तीचा उल्लेख करतो.

सयाममध्ये, म्हणजे आजच्या थायलंडमध्ये, वाद नाही. सुखोथायचा राजा लिथाई चौदाव्या शतकात गादीवर असताना काही काळ भिक्षू झाला. पुढं राजकुमार मोंगकुट १८२४ साली विसाव्या वर्षी रीत म्हणून भिक्षू झाला. थोड्याच दिवसांत वडील वारले, गादी दुसऱ्या भावाकडे गेली आणि हा २७ वर्षं चीवरातच राहिला. तिथं तो पाली शिकला, लॅटिन आणि इंग्रजी शिकला, पायी देश फिरला. १८५१ साली चीवर उतरवून गादीवर बसला. सयाम युरोपियनांच्या ताब्यात गेला नाही, त्याचं श्रेय ज्यांना देतात त्यांत मोंगकुट आहे.

थाई लोक म्हणतात, दीक्षा न घेतलेला पुरुष ‘दिप’, म्हणजे कच्चा. घेऊन आलेला ‘सुक’, म्हणजे पिकलेला. पूर्वीच्या काळी मुलीचे आईबाप आधी हेच विचारायचे. वीस वर्षांचा मुलगा पावसाळ्याचे तीन महिने विहारात काढायचा. डोकं आणि भुवया भादरलेल्या, पहाटे पात्र घेऊन भिक्षेला. त्याचं पुण्य आईला मिळतं अशी श्रद्धा, कारण आईला स्वतःला तशी दीक्षा घेता येत नाही. आता महिने कमी होऊन आठवडे झालेत, पण रीत आहे. २०१८ साली थाम लुआंगच्या गुहेत फुटबॉल संघातली १२ मुलं आणि त्यांचा प्रशिक्षक अडकला होता, आठवत असेल. त्यांना वाचवताना समन कुनान नावाचा थाई नौदलातला माजी पाणबुडा मरण पावला. बाहेर आल्यावर ११ मुलं काही दिवस श्रामणेर झाली आणि प्रशिक्षक भिक्षू झाला, त्याचं ऋण म्हणून. बारावा मुलगा ख्रिस्ती होता.

ब्रह्मदेशात हे अजून लहान वयात होतं. तिथं या विधीला ‘शिनप्यू’ म्हणतात. मुलाला राजपुत्रासारखं सजवून घोड्यावरून मिरवतात, मग विहारात नेऊन केस उतरवतात. सिद्धार्थानं महाल सोडला, तो प्रसंग प्रत्येक घर आपल्या मुलाच्या अंगावर पुन्हा घडवतं. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा यानंही गादीवर येण्याआधी विहारात चीवर घालून अभ्यास केला होता. १८८५ साली इंग्रजांनी त्याला पदच्युत केलं, तेव्हा आधी मद्रासला, म्हणजे इथंच आणून ठेवलं. काही महिन्यांनी, १८८६ साली त्याला रत्नागिरीला नेलं. तिथंच तो १९१६ साली वारला. रत्नागिरीचा थिबा राजवाडा आपण पाहतो, पण त्या राजानं एकेकाळी पात्र हातात धरलं होतं, हे फारसं कुणी सांगत नाही.

१९५६चा ऑक्टोबर

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. दीक्षा देणारे भदन्त चंद्रमणी मूळचे ब्रह्मदेशातल्या आराकानचे. बरोबर आठ दिवसांनी, २२ ऑक्टोबरला, बँकॉकमध्ये राजा भूमिबोल १५ दिवसांसाठी भिक्षू झाला. तेवढे दिवस राणी सिरिकितनं राज्याचा कारभार पाहिला. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नाही. पण एकीकडे राजा खाली उतरून भिक्षा मागत होता आणि दुसरीकडे ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या खाली ठेवलं ती लाखो माणसं उठून उभी राहत होती, हे एकाच महिन्यात घडलं.

यात चेन्नईचाही धागा आहे. १८९८ साली पंडित अयोथीदास यांनी सिलोनला जाऊन पंचशील घेतलं आणि मद्रासला शाक्य बौद्ध संघ काढला. अस्पृश्यांनी बौद्ध व्हावं, हे ते बाबासाहेबांच्या अर्धशतक आधी सांगत होते. त्याच वर्तुळातले प्राध्यापक लक्ष्मी नरसू यांनी १९०७ साली बौद्ध धम्माच्या सारावर इंग्रजी पुस्तक लिहिलं. त्याची तिसरी आवृत्ती १९४८ साली निघाली, तिला प्रस्तावना बाबासाहेबांची आहे.

नागपूरनंतर अडचण अशी झाली की लाखो बौद्ध झाले, पण भिक्षू मोजके. आणि ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. लग्न, नामकरण, अंत्यविधी कुणी करायचे? बाबासाहेबांनी १९५५ साली स्थापन केलेल्या भारतीय बौद्ध महासभेनं गृहस्थांनाच तयार केलं. त्यांना बौद्धाचार्य म्हणतात. आणि त्याच गरजेतून श्रामणेर शिबिरं वाढली. साधारण दहा दिवस. बहुतेक वेळा पावसाळ्यातल्या वर्षावासाच्या काळात. केस उतरवायचे, चीवर घ्यायचं, दहा शीलं पाळायची. दुपारी बारानंतर जेवण नाही, पैशाला हात नाही, उंच पलंग नाही, गाणंबजावणं नाही. वस्तीतून मिळेल ते खायचं. शेवटच्या दिवशी चीवर परत करायचं आणि पंचशील घेऊन घरी जायचं.

थायलंडशी तुलना केली की फरक दिसतो. तिकडे लग्नाआधीचा तरुण मुलगा जातो, पिकून यायला. आपल्याकडे शिबिरात चाळीस-पन्नाशीचे बाप्ये दिसतात: एसटीचे कंडक्टर, शिक्षक, रेल्वेतले कामगार, पेन्शनवर आलेले शिपाई. त्यांची पोरं लग्नाला आलेली असतात. तिकडे ती घराण्याची रीत आहे. इकडे पहिली-दुसरी पिढी स्वतःसाठी रीत घडवते आहे.

हवालदार

आता माझं देणं.

१९८२ साली पदवी घेऊन मी इथल्याच सेंट थॉमस माउंटवर ऑफिसर्स ट्रेनिंग स्कूलमध्ये दाखल झालो. पहिल्याच दिवशी केस गेले, नाव मागं पडलं. कच्चा माणूस आत घेऊन पक्का बाहेर काढायची फौजेची रीत मी अंगावर घेतली आहे. त्यामुळे दुसऱ्यांची तशीच रीत मला लगेच ओळखता यायला हवी होती. आली नाही.

१९९६ साली मी डोंगरी भागात कंपनी कमांडर होतो. माझ्या कंपनीत वर्धा जिल्ह्यातला एक हवालदार होता. शांत, कामाला चोख. एका संध्याकाळी तो आला. “साहेब, गावाकडे श्रामणेर शिबिर आहे. दहा दिवसांची कॅज्युअल रजा पाहिजे होती. बाबांची इच्छा आहे.”

मी विचारलं, “त्यात करतात काय?”

त्यानं सांगितलं. डोकं भादरून भिक्षा मागायची इथपर्यंत आला आणि मी हसलो. म्हणालो, “हवालदार, रायफल टाकून भिक्षापात्र घेणार का तुम्ही?” तंबूतले दोघंतिघं हसले. वर मी म्हटलं की माणसं कमी आहेत, पुढच्या वर्षी बघू. माणसं कमी होती, हे खरं आहे. पण त्याच महिन्यात मी दुसऱ्या एकाला घराच्या बांधकामासाठी पंधरा दिवस दिले होते, हेही खरं आहे. तो “ठीक आहे साहेब” म्हणाला आणि सलाम करून गेला. पुढच्या वर्षी त्यानं मागितलं नाही. त्याचे वडील वारले होते.

२०१९ साली त्याचा फोन आला. कुणाकडून तरी माझा नंबर मिळवला होता. “साहेब, शिबिरात बसतोय. शेवटच्या दिवशी येता का?” मी चेन्नईहून रेल्वेनं गेलो. गावातल्या विहारात वीसेक श्रामणेर ओळीनं उभे होते, हातात पात्र, नजर खाली. तो पाचवा होता. त्याच्या बायकोनं, पांढऱ्या साडीत, त्याच्या पात्रात भात वाढला आणि वाकून नमस्कार केला. माझ्या हातात पोळ्यांची परात दिली होती. मी त्याच्या पात्रात पोळी ठेवली आणि नमस्कार केला. त्यानं परत केला नाही. चीवरातला माणूस गृहस्थाला नमस्कार करत नाही, नियम आहे. तेवीस वर्षं माझ्या आधी हात कपाळाला लावणारा माणूस माझ्यासमोर नजर न उचलता उभा होता आणि ते योग्य होतं.

संध्याकाळी चीवर उतरवून, शर्ट-पँट घालून तो भेटायला आला. “जय भीम साहेब.” आम्ही पारावर बसलो. मी म्हटलं, “छप्पन्नच्या वर्षीचं मला माहीत नव्हतं, पण शहाण्णवचं आठवतं. रजा द्यायला हवी होती.”

तो म्हणाला, “रजा नाही मिळाली त्याचं काही नाही साहेब. फौजेत रजा नाकारतातच. तुम्ही हसलात, ते राहिलं.”

मग थोड्या वेळानं म्हणाला, “बाबांचा जन्म सगळ्यांपुढे वाकण्यात गेला. पाटलापुढे, सावकारापुढे. त्यांना एकदा आपल्या मर्जीनं वाकायचं होतं, आपल्याच पोरापुढे. म्हणून त्यांना मी चीवरात पाहिजे होतो.”

मला काही बोलता आलं नाही. मी माफी मागितली. त्यानं माझा हात हातात घेतला आणि म्हणाला, “चहा घ्या साहेब.”

मंडळी, बिंबिसाराच्या नियमानंतर शिपायाच्या दीक्षेची किल्ली त्याच्या वरिष्ठाकडे आली, असं मी मघाशी म्हणालो. ती किल्ली दहा मिनिटं माझ्या खिशात होती. तुमच्यापैकी अनेकजण कुणाचे तरी साहेब असाल, कुणी मालक, कुणी मुकादम. कुणी अय्यप्पाच्या माळेसाठी, कुणी वारीसाठी, कुणी शिबिरासाठी दहा दिवस मागेल. देता आले तर द्या. नाहीच देता आले तर नाही म्हणा, पण तो कशासाठी जातोय ते आधी पूर्ण ऐकून घ्या.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.